पेटारा वर, माणसं खाली

"उभी आसतानाय थरथरता ही. म्हातारपण इला गाडयेक."

धुरीमालक पुटपुटले ते अगदी ताराच्या कानामागे. तिला ऐकू तर जावं, पण तिने उलट विचारलंच तर 'मी खय काय बोललंय?' म्हणता यावं, अशा बेताच्या आवाजात. ती स्टिअरिंगशेजारी ठेवलेल्या आपल्या चहाच्या पेल्याकडे बघत होती. गाडी आजऱ्याच्या देवळामागे चिंचेखाली उभी होती. चाकांखाली दगड लावलेले होते. वारा नव्हता. तरी चहावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती, एकामागून एक, कुणीतरी पेल्याला नखाने टिचक्या माराव्यात तशी.

"तिसऱ्या पायाचा सील गेला आसतला," ती म्हणाली. गाडीच्या दर चाकावर तेलाच्या दाबाने चालणारा एक पाय होता.

"गेल्या म्हयन्यात ताच बदललंस मां?"

"बदललंय. परत गेला."

मालकांनी तोंड फिरवलं. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं आणि ते कबूलही करत. पण ताराचं खोटं बोलणं त्यांना कळलं असावं, कारण पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

ही गोष्ट दोन हजार एकोणचाळीस सालच्या जत्रांच्या हंगामातली. धुरींचं दशावतारी मंडळ म्हणजे चौदा माणसं, एक पखवाज, एक पायपेटी आणि एक अवाढव्य उंच गाडी. गाडी पूर्वी डोळ्यांचं फिरतं इस्पितळ होती. खालच्या मजल्यावर डॉक्टर, वरच्या मजल्यावर खाटा. कुठल्याशा संस्थेने ती काढून टाकली तेव्हा मालकांनी घेतली, आणि घेतली ती केवळ तिला दोन मजले होते म्हणून. कारण दशावतारात गणपतीचा मुखवटा ज्या पेटाऱ्यात असतो तो पेटारा म्हणजे देव. धुरींच्या मंडळात देवाच्या डोक्यावर माणूस बसायचा नाही, हा पणजोबांपासूनचा नेम. म्हणून पेटारा वर, माणसं खाली. देव वर एकटा कसा राहील, म्हणून मुकुटांच्या आणि तलवारींच्या ट्रंका वर. मग त्यांच्या सोबतीला पडदे, लाकडी बाकडी, दोन स्पीकर, जनरेटर, आणि हंगाम असला की मालकांच्या मेहुण्याच्या आंब्याच्या पेट्याही वर. सगळे देवाचे सांगाती.

तारा या मंडळाची ड्रायव्हर, मेकॅनिक आणि वेळप्रसंगी सुईदोराही. वय चव्वेचाळीस. गाडीचं शिक्षण म्हणाल तर आधी दहा वर्षं वाळूचा डंपर आणि मग या गाडीसोबत आलेली सहाशे पानांची पुस्तिका, जी तिने डिक्शनरी मांडीवर घेऊन दोनदा वाचली होती. आणि ती आत्माराम कांबळींची मुलगी होती. आत्माराम कांबळी, म्हणजे सगळ्यांचे आबा, पंचेचाळीस वर्षं मंडळात स्त्रीपार्ट करत होते. मुलगी जन्मली त्या दिवशी ते हरिश्चंद्राच्या राणीच्या वेशात होते, म्हणून हिचं नाव तारामती. "बरा झाला," आई म्हणायची, "पुतनामावशीचा काम नाय होता तेंच्याकडे."

डॉक्टरांची खुर्ची ज्येष्ठ म्हणून आबांना मिळाली होती. ती साधी खुर्ची नव्हती. चालत्या गाडीतही डॉक्टरांचा हात डोळ्यावर स्थिर राहावा म्हणून तिच्या बैठकीखाली आणि दोन्ही हातांच्या टेकूंखाली तेलाच्या नळ्या होत्या. रस्त्याचा हिसका आला की टेकू तेवढाच उलटा हिसका देई आणि हिसका नाहीसा होई. दशावतारात आपला चेहरा आपणच रंगवायचा असतो. बाकीची मंडळी गावात पोचल्यावर चटईवर आरसा टेकवून बसत. आबा मात्र गेलं वर्षभर गाडीतच, खुर्चीत बसून, टेकूवर कोपर ठेवून रंग लावत. "म्हातारपणाची हौस," लोक म्हणत. म्हणताना एकमेकांकडे बघत नसत.

*

तिसरा पाय बिघडलेला नव्हता. ताराला हे तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं.

गाडी आपल्या प्रत्येक पायावरचा भार टिपून ठेवी. त्या नोंदीत तिसऱ्या पायापाशी एक बारीक दातेरी रेघ दिसत होती, सेकंदाला पाच दाते, कधी साडेपाच. ताराने सील बदललं, नळ्या तपासल्या, तेल गाळून घेतलं. रेघ तशीच. मग आबा दोन दिवस बहिणीकडे माणगावला गेले आणि खुर्चीत मालक बसले. रेघ सरळ. आबा परत आले, रेघ परत आली. ताराने पुस्तिका मिटली आणि ती गाडीखाली जाऊन झोपली. काम करायला नव्हे. तिथे कुणी तोंड बघत नाही म्हणून.

खुर्ची नेमकी तिसऱ्या पायाच्या वर होती. यंत्राचं चुकत नव्हतं. हिसका रस्त्यातून आला की माणसातून, हे त्याला कसं कळणार? त्याच्या लेखी थरथर ती थरथर. आबांचा हात हलला की टेकू उलट हले आणि हात स्थिर होई. गाडी उभी असली तरी. म्हणून चहावर वर्तुळं.

तिने ती रेघ बाबी गावड्यांना दाखवली. बाबीकाका मंडळाचे पखवाजवाले, आबांचे चाळीस वर्षांचे सोबती. रेघ बघून त्यांना काही उमगेना, म्हणून ताराने तो ठोका स्टिअरिंगवर बोटांनी वाजवून दाखवला. बाबीकाकांची बोटं आपोआप मांडीवर तोच ठोका धरू लागली, अगदी चोख, आणि मग एकदम थांबली.

"खयची गो ही लय?"

"तिसऱ्या पायाची."

"हां," बाबीकाका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत पान लावू लागले. "पायाची. बरा."

त्या संध्याकाळी प्रयोगात ताराने कान देऊन ऐकलं. आबांची दमयंती नळाच्या गळ्यात माळ घालायला हात उचलते, नेमका तेव्हा पखवाज सेकंदाला पाचच्या लयीत घुमू लागला. दमयंतीच्या हातातली माळ थरथरत होती आणि बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. काय तो अभिनय! ताराला आठवलं, गेल्या वर्षी तिथे पखवाज वाजत नसे. मग तिला बाकीचंही आठवत गेलं. आरतीचं तबक हातात घेण्याचा प्रवेश मालकांनी 'लांबता' म्हणून कापला होता. कपडेवाल्या शिवाने आबांच्या काकणांना आतून कापड शिवलं होतं, 'वाजतत फार' म्हणून. म्हणजे चौदाच्या चौदा माणसांना ठाऊक होतं. आणि चौदाच्या चौदा जण गाडीला म्हातारी म्हणत होते.

कुणी बोलत नव्हतं कारण आबांचा शब्द सगळ्यांनी ऐकलेला होता. वीस वर्षांपूर्वी एका थकलेल्या नटाची भुवई दुसऱ्याने काढताना बघून ते म्हणाले होते, "ज्या दिवशी माझी भुवय दुसऱ्यान काढूची लागात, त्या दिवशी पेटाऱ्याक हात जोडून मी घराक जातलंय." आबा घरी गेले तर काय होईल हे तारा जाणून होती. घरात ते दोन दिवस राहिले तरी चुलीपुढे बसून गप्प होत. रंगाशिवाय त्यांना स्वतःचा चेहरा कसा वापरायचा ते जमतच नसे.

तिने ओरसच्या एका डॉक्टरीणबाईंना रेघ पाठवली. नाव न लिहिता. बाईंचा फोन आला. "कंप बऱ्याच प्रकारचे असतात. बहुतेकांना औषधाने उतार पडतो, काम सोडावं लागत नाही, उलट सोडू नये. पण मी रेघेला गोळ्या देऊ शकत नाही. ज्यांचा हात आहे त्यांनी यायला हवं. आणि आपण होऊन. ओढून आणलेला माणूस गोळ्या खिडकीतून टाकतो."

ताराने बुधवारची वेळ मागून घेतली, चिठ्ठीवर लिहिली आणि ती आबांच्या रंगाच्या डब्यात काजळाखाली ठेवली. तीन बुधवार गेले. दर वेळी ती नवी तारीख घालून नवी चिठ्ठी ठेवी. जुनी कुठे जाते ते दिसत नसे. आबाही काही बोलत नसत.

*

एवढंच असतं तर ताराही गप्प राहिली असती. माणसं गप्प राहून एकमेकांना जपतात, त्यात ती कुणाहून कमी नव्हती. पण गाडी उंच होती, आणि उद्या घाट होता.

हंडा कमरेवर असला तर माणूस पळूसुद्धा शकतो. तोच डोक्यावर घेतला की वळताना मान, खांदे, कंबर सगळ्यांना कामाला लागावं लागतं. वजन तेवढंच, उंची वेगळी. उंच गाडीचं दुखणं हेच. वळणावर तिचं धड बाहेरच्या अंगाला कलतं, बाहेरच्या चाकांवर भार चढतो, आतली चाकं हलकी होतात. स्प्रिंगा मऊ ठेवल्या तर प्रवासी सुखात, पण धड जास्त कलतं आणि कललं की वरचं वजन आणखी बाहेर सरकतं. ताठ केल्या तर कलणं कमी, पण मणके ढिले. गाड्या बनवणारे वर्षानुवर्षं या दोहोंत तडजोड करत आले.

या गाडीला स्प्रिंगाच नव्हत्या. चार चाकांवर तेलाच्या दाबाने लांबआखूड होणारे चार पाय होते. पुढचा कॅमेरा वळण आधीच बघे आणि धड कलण्यापूर्वीच बाहेरचे पाय ताठ होत. पेल्यातला चहा हिंदकळत नसे. यात खोट एकच. जुन्या गाडीत कलंडल्यासारखं वाटून पोटात गोळा यायचा आणि पाय आपसूक ब्रेकवर जायचा. या गाडीत भीतीच वाटत नसे. भीतीच्या जागी पडद्यावर एक आकडा होता, आतल्या चाकांवर शंभरातला किती भार उरला तो. चाळीस म्हणजे निर्धास्त. शून्य म्हणजे चाक हवेत. यंत्र धड सरळ ठेवू शकत होतं, पण वरचं वजन खाली आणू शकत नव्हतं.

आणि पुस्तिकेच्या चारशे बाराव्या पानावर, बारीक अक्षरात, आणखी एक गोष्ट होती. पायांना आणि खुर्चीला तेल एकाच पंपातून. मागणी वाढली तर पहिला मान खुर्चीचा, उरेल ते पायांना. बनवणाऱ्यांनी डॉक्टरच्या हाताचा विचार केला होता आणि तो चांगलाच होता. घाट उतरताना कुणी डोळ्याचं ऑपरेशन करणार नाही हे त्यांनी गृहीत धरलं होतं. घाट उतरताना कुणी दमयंतीची भुवई काढेल हे त्यांच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं.

खुर्ची बंद करायचं बटण ताराच्या डाव्या गुडघ्याशी होतं. एक बोट पुरे.

तिने आधी मालकांना गाठलं. "मालकानू, उद्या वरचा सामान खाली घेवया."

"आणि माणसां वर? देवाच्या टकलेर पाय देवन बसतलीस?"

"माणसां खालीच. अडचणीत बसतली. ट्रंका फक्त खाली."

"पेटाऱ्यापासून ट्रंका तोडूची नाय, तारा. माझ्या पणज्यान तोडूक नाय."

"तुमच्या पणज्याकडे जनरेटर होतो?"

बाबीकाका पखवाजाला पीठ लावता लावता खुसखुसले. मालक चिडले. "ड्रायव्हर आसस, भटजी नाय. गाडी दुरुस्त कर आणि सावकाश हाक. म्हाताऱ्या गाडयेक सांभाळून घेवचा लागता."

"गाडी म्हातारी नाय, मालकानू," तारा म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि बाबीकाकांनी पखवाजावर एक जोराची थाप मारली. तिने ते वाक्य गिळलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता गाडी आंबोलीचा घाट उतरत होती. खाली सावंतवाडीजवळच्या गावात सातला प्रयोग. मागे आबांनी डबा उघडला होता, सफेदा झाला होता, ओठ झाले होते. आरशात ताराला त्यांचा चेहरा दिसत होता. भुवया नसलेला, अजून कुणाचाच नसलेला.

"सावकाश गो चेडवा. भुवय काढतंय."

"काढा, आबा."

पहिल्या वळणांना आकडा तीस, अठ्ठावीस. ती सायकलच्या वेगाने उतरत होती. मग एका आंधळ्या वळणावर समोरून एक मालट्रक मधली रेघ ओलांडून आला. ताराने गाडी दरीच्या कठड्याकडे झटकन ओढली आणि लगेच परत आत वळवली. डावीकडे, उजवीकडे. उंच गाडीला यापेक्षा वाईट काही नसतं, कारण पहिल्या झोल्यातून धड सावरायच्या आत दुसरा बसतो आणि दोन्ही एकत्र होतात. पायांनी तेल मागितलं. तेल खुर्चीत होतं. आकडा सतरा झाला, अकरा झाला, सहा.

वर काहीतरी जड सरकल्याचा आवाज झाला.

तारा नंतर स्वतःलाही सांगू शकली नाही की तिने काही ठरवलं होतं. तिचं बोट गुडघ्याशी गेलं आणि बटण दाबलं गेलं. पाय एकदम ताठ झाले, गाडी खांद्यातून धरून उभी केल्यासारखी सावरली. आकडा नऊ, पंधरा, चोवीस. ट्रक हॉर्न वाजवत वर निघून गेला.

मागे कुंचला आरशावर टकटकला. सेकंदाला पाच.

पुढच्या मोकळ्या जागेवर, धबधब्याच्या कोरड्या कातळापाशी, तिने गाडी थांबवली. माणसं भराभर खाली उतरली. आबा सगळ्यात शेवटी उतरले. त्यांच्या उजव्या भुवईची रेघ कपाळावरून निघून कानापर्यंत गेली होती, वेडीवाकडी, दातेरी. चौदा माणसांनी चौदा दिशांना पाहिलं.

"काय वळाण ता!" शिवा म्हणाला.

"ट्रकवाल्याच्या तोंडार शिरा पडो," बाबीकाका म्हणाले.

"रस्तोच वायट," पायपेटीवाला म्हणाला.

"गाडी!" मालक ओरडले. "मी कालच सांगितलंय, ह्या गाडयेक थरथर लागली हा! तिसरो पाय गेलो हा तिचो!"

तारा वर चढली. वर जनरेटर आपल्या जागेवरून हातभर सरकला होता. पेटारा मात्र कोपऱ्यात होता तिथेच होता, झेंडूचा हारही न विस्कटलेला. तिने पुढचा पडदा उचलून वरूनच विचारलं, "मालकानू, गाडी सगळ्याचा वजन सांगता. देवाचा सांगू?"

"देवाचा वजन करतंस?"

"अडतीस किलो. मुखवट्यासकट. आणि देवाच्या नावार वर चढलेल्या बाकीच्या सामानाचा अकराशे चाळीस. देव रवांदे वर. तेचो कोणाक त्रास नाय. बाकीची मंडळी खाली उतरांदेत."

कुणी काही बोलायच्या आत बाबीकाकांनी बाही वर केल्या आणि पहिलं बाकडं खाली घेतलं. मग शिवा. मग सगळे. मालक थोडा वेळ हाताची घडी घालून उभे राहिले आणि मग मेहुण्याच्या आंब्याची पेटी त्यांनी स्वतः, कुणाकडे न बघता, खाली उतरवली. काम करताना सगळ्यांची तोंडं सुटली. रस्ता कसा खराब आहे, पूर्वीच्या गाड्या कशा होत्या, तिसऱ्या पायाला उद्या कुडाळात दाखवायला हवं. गाडीला काय काय झालं असावं याची यादी वाढत गेली. तिच्यात फक्त एका गोष्टीला जागा नव्हती.

तारा खाली आली. आबा कातळावर बसले होते. अर्धा चेहरा दमयंतीचा, अर्ध्यावर ती रेघ. रंगाचा डबा मांडीवर. उजवा हात त्यांनी डाव्याने धरून ठेवला होता, आणि आता दोन्ही हलत होते.

"खुर्चीचा बटण तू बंद केलंस," ते म्हणाले.

"हो."

"बरा केलंस." हाताकडे बघत ते म्हणाले, "वर्सभर ती खुर्ची माझो हात धरून बसली होती गो. आणि मी समजत होतंय, माका बरा वाटाक लागला."

ताराने त्यांच्या कपाळावरची रेघ पदराने पुसायला हात उचलला आणि अर्ध्यावर थांबवला. चेहरा त्यांचा होता.

तिकडे मालक जनरेटरला टेकून हाशहुश करत होते. "तरी मी सांगतंय, गाडयेचीच थरथर ती. म्हातारी गाडी, आणखी काय."

आबा उठले. एका हाताने त्यांनी डब्यातलं काजळ बाजूला केलं आणि तळाला घातलेल्या कागदाखालून चार चिठ्ठ्या बाहेर काढल्या. नीट घडी घातलेल्या, चारही. त्यातली सगळ्यात वरची त्यांनी डोळ्यांपासून लांब धरून वाचायचा प्रयत्न केला, पण कागद इतका फडफडत होता की ती त्यांनी ताराकडे दिली.

"येत्या बुधवारी नाटक आसा आपला, मालक?"

"बुधवारी?" मालक गोंधळले. "नाय. बुधवार मोकळो."

"मगे बुधवारी मी आणि तारा ओरसाक जातलो." आबांनी कुंचला काजळात बुडवला. त्याचं टोक हवेत बारीक बारीक अक्षरं काढत होतं आणि या वेळी बाबीकाकांची बोटं मांडीवर हलली नाहीत. सगळे बघत होते. वर्षभरात पहिल्यांदाच सरळ बघत होते. "आणि त्या बिचाऱ्या गाडयेक आता बोल लावू नको. गाडी थरथरणा नाय. माझो हात थरथरता. वर्स झाला."

त्यांनी कुंचला ताराच्या हातात दिला, तिच्यासमोर कातळावर बसले आणि डोळे मिटून चेहरा वर केला.

"मी घराक जावचंय नाय. भुवय तू काढ."